मिठाच्या पाण्याचा गट

पत्र दोघींना एकाच दिवशी आलं.

जतहून शालनचा फोन आला तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते आणि पद्मजा कोरे मिरजेतल्या आपल्या खानावळीत आमटीला फोडणी देत होती.

"तुझं आलं का?" शालननं विचारलं. तिचा आवाज हल्ली वाळूवरून पत्रा ओढावा तसा यायचा.

"आलंय. फोडलं नाही अजून."

"फोड की मग. मी थांबते."

पद्मजानं गॅस बारीक केला, हात पुसले आणि पाकीट फोडलं. नव्या औषधाची चाचणी संपली होती, निकाल लागले होते आणि आता कोणाला काय दिलं गेलं ते प्रत्येक रुग्णाला कळवलं जात होतं. तिच्या पत्रात लिहिलं होतं की ती 'ब' गटात होती. तिच्या दंडावरच्या पट्टीत औषध नव्हतं, मिठाचं पाणी होतं.

"मला पाणी होतं," ती म्हणाली.

मग शालन म्हणाली, "मला औषध होतं म्हणं. आता बघ. तुला नुसतं पाणी दिलं, तर तू ठणठणीत. मला औषध दिलं, तर माझी ही गत. ठेवते गं. सून हाक मारतीया."

पद्मजा फोन हातात धरून तशीच उभी राहिली. पत्र वाचून बरं वाटायला हवं होतं. नुसत्या पाण्यावर, स्वतःच्या अंगच्या ताकदीवर ती या दुखण्यातून उठली, असा त्याचा अर्थ होता. पण मनात काहीतरी खटकलं होतं, आणि ते काय, हे तिला पानं वाढून झाल्यावर, दुपारी भांडी विसळताना उमगलं.

मिठाच्या पाण्यानं झोप येत नाही.

दोन वर्षांपूर्वी, २०३९ च्या उन्हाळ्यात, पद्मजाच्या डाव्या गालात आतून गाठ निघाली. कारण उघड होतं. लग्नाआधीपासून ती मिश्री लावायची, पहाटे उठून बोटभर भाजकी तंबाखू दातांना चोळल्याशिवाय तिचा दिवस सुरू होत नसे. गाठ कापून झाली आणि तेहेतीस शेक घ्यायचे ठरले. किरणोपचाराला या भागात शेकच म्हणतात. तोंडाला शेक म्हणजे काय, हे मिरजेत खानावळ चालवणाऱ्या बाईला कोणी सांगायची गरज नव्हती. तिच्या पंगतीला निम्मे लोक दवाखान्यातल्या पेशंटांचे नातेवाईक असत. डब्यात पातळ पेज घेऊन जाणारे, 'ताई, जरा बिनतिखटाचं, बिनमिठाचं द्या' म्हणणारे. शेकानं तोंड आतून सोलून निघतं, लाळ आटते, चव जाते. कित्येकांची ती परत येतच नाही.

आणि पद्मजाची सगळी मिळकत तिच्या जिभेवर होती. नवरा गेल्यानंतर बावीस वर्षं तिनं खानावळ एकटीनं चालवली होती. त्याच खानावळीवर धाकट्या भावाचं, संगमेशचं शिक्षण केलं होतं. आई गेली तेव्हा तो नववीत होता. पुढे तो किरणोपचारातला भौतिकतज्ज्ञ झाला. कुठल्या पेशंटला किती किरण, कुठून, किती सेकंद द्यायचे याचं गणित मांडणारा माणूस. पद्मजाला जिथे शेक मिळणार होते त्याच केंद्रात तो नोकरीला होता, आणि तिथेच तेव्हा ती चाचणी सुरू होत होती.

चाचणीची माहिती त्यानंच तिला समजावून सांगितली होती.

"मेंदूच्या मध्यावर तुरीच्या दाण्याएवढी ग्रंथी असते, ताई. अंधार पडला की ती मेलाटोनिन नावाचं द्रव्य रक्तात सोडते. आपल्याला झोप येते ती त्याच्यामुळे. पण त्याचं काम तेवढंच नाही. किरण अंगात शिरले की पेशीतलं पाणी फुटतं आणि त्यातून मोकाट कण सुटतात. ते समोर येईल ते फाडत जातात. गाठ मरते ती त्यांच्यामुळे, आणि शेजारची चांगली कातडी होरपळते तीही त्यांच्यामुळेच. मेलाटोनिन त्या कणांना पकडतं आणि चांगल्या पेशीला वाचवतं."

"मग गाठीलाही वाचवेल की."

"तीच तर खुबी आहे. कर्करोगाच्या पेशीचा सगळा कारभार बिघडलेला असतो. तिला या मदतीचा उपयोग करून घेता येत नाही, उलट ती आणखी कच्ची पडते. हे प्रयोगशाळेत फार आधीपासून दिसत होतं. अडचण अशी की गोळी दिली तर निम्म्याहून जास्त यकृतातच संपते, आणि उरलेली नेमक्या वेळी नेमक्या जागी पोचत नाही."

नवी पट्टी ती अडचण सोडवायची. दंडावर चिकटवलेली, दोन बोटं रुंद. पेशंटच्या घामातून ती त्याच्या शरीराचं घड्याळ वाचायची, आणि शेकाच्या बरोबर अर्धा तास आधी कातडीतून औषध आत सोडायची. पट्टीत छोटी कुपी असायची. दर सोमवारी ती बदलायची. निम्म्या पेशंटांच्या कुपीत औषध, निम्म्यांच्या कुपीत मिठाचं पाणी. कोणाला काय, ते संगणकानं चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं. पेशंटला माहीत नाही, डॉक्टरला माहीत नाही.

"असं का पण?" पद्मजानं विचारलं होतं.

"माहीत असलं की माणसं कळत नकळत लबाडी करतात. पेशंटपण आणि डॉक्टरपण."

पद्मजानं सही करण्याआधी त्याच्याकडे रोखून बघितलं होतं. "चिठ्ठीत जे येईल ते. माझ्यासाठी काही करायचं नाही, संगू. तुझी नोकरी आहे ती."

"मला नियम माहीत आहेत, ताई," तो म्हणाला होता.

शालन ऐवळे तिला तिथेच भेटली. जत डेपोची निवृत्त कंडक्टर, उंच, खणखणीत आवाजाची, तीही मिश्रीवाली, तीही गालाचीच. दोघींचे चाचणीतले नंबर लागोपाठचे आणि शेकाची वेळही लागोपाठची, म्हणून रोज दुपारी बाकावर शेजारी बसायच्या. पट्टीनं टिक असा आवाज केला की दहा-पंधरा मिनिटांत पद्मजाचे डोळे जड व्हायचे. शालनच्या खांद्यावर मान टाकून ती झोपायची. नंबर आला की शालन तिला हलवायची. "उठ बाई, तुझा स्टॉप आला." शेकानं सगळ्यांनाच थकवा येतो, असं नर्सबाई म्हणाल्या आणि कोणी त्याचा विचार केला नाही. शालनला मात्र कधी जांभईसुद्धा आली नाही.

तिसऱ्या आठवड्यात शालनच्या तोंडात फोड आले. चौथ्यात तिला पाणी गिळता येईना. पाचव्यात शेक नऊ दिवस थांबवावे लागले. शेकात असा खंड पडणं वाईट, कारण तेवढ्यात उरल्यासुरल्या पेशी पुन्हा डोकं वर काढतात. पद्मजाचं तोंड थोडं लाल झालं, महिनाभर कोरडं राहिलं, एवढंच. दिवाळीला तिनं चकलीच्या भाजणीत धणे कमी पडलेत हे चवीवरून सांगितलं. शालनच्या मानेत त्याच महिन्यात नवी गाठ निघाली.

आता या सगळ्यावर पत्र म्हणत होतं की झोपणाऱ्या बाईला पाणी होतं आणि जागी राहणाऱ्या बाईला औषध.

रविवारी दुपारी पद्मजा सांगलीला, विश्रामबागेत संगमेशच्या घरी गेली. त्याची बायको माहेरी गेली होती. त्यानं चहा टाकला. तिनं पत्र टेबलावर ठेवलं.

"मला औषध होतं," ती म्हणाली.

त्यानं पत्राकडे बघितलंही नाही. "पत्रात काय लिहिलंय?"

"पत्रात काय लिहिलंय ते मला वाचता येतं. तू काय केलंस ते सांग."

चहा उतू गेला. त्यानं गॅस बंद केला आणि पाठमोराच उभा राहिला. मग बोलायला लागला तेव्हा त्याचा आवाज शांत होता, जणू हे कधीतरी सांगावं लागणार म्हणून त्यानं मनात मांडून ठेवलं होतं. पट्टी आणि किरणांचं यंत्र यांची सांगड घालणारा प्रोग्रॅम त्यानंच लिहिला होता. कुठल्या कुपीत काय आहे ते वाचायची एक वाट त्यात राहून गेली होती. पहिल्या सोमवारी त्यानं बघितलं. पद्मजाच्या कुपीत पाणी होतं आणि पुढच्या नंबरच्या कुपीत औषध. त्यानं दोन्ही कुप्यांची अदलाबदल केली. वेष्टनावरचे नंबर जसेच्या तसे राहिले.

"पुढचा नंबर कोणाचा, हे मला माहीत नव्हतं, ताई. नुसता आकडा होता."

"पहिल्या सोमवारी आकडा होता. कुपी दर सोमवारी बदलायची ना?"

त्यानं उतू गेलेला चहा पुसायला घेतला.

"किती वेळा केलंस?"

"सात."

"तिसऱ्या आठवड्यात तू तिचं तोंड बघितलंस. मीच तुला बोलावून दाखवलं होतं. मी म्हणाले, संगू, हिच्यासाठी काही करता येतं का बघ."

"हो."

"आणि चौथ्या सोमवारी परत बदललीस."

"मधेच थांबलो असतो तर तुझ्या तोंडाला फोड आले असते," तो म्हणाला. आता तो वळला होता आणि त्याचे डोळे भरले होते. "तू मला वाढवलंस. तुझी जीभ जळताना मी काचेपलीकडून बघत बसायचं होतं का?"

"होय," पद्मजा म्हणाली. "तेच ठरलं होतं आपलं."

मग तिनं पिशवीतून पत्रासोबत आलेली पुस्तिका काढली. चाचणीचा निकाल त्यात सोप्या भाषेत दिला होता. पट्टी गुणकारी ठरली होती, पुढच्या महिन्यात सरकारी दवाखान्यांतून ती सगळीकडे सुरू होणार होती. शेवटच्या पानावर एक ओळ होती: मिश्री लावणाऱ्या स्त्रियांत औषधाचा फायदा दिसून आला नाही, म्हणून पुढील अभ्यास होईपर्यंत त्यांना ही पट्टी देऊ नये.

"अशा बायका किती होत्या चाचणीत?"

"चार."

"आम्ही दोघी धरून?"

"हो. दोन औषधाच्या, दोन पाण्याच्या."

हिशोब खानावळवालीला कळण्याएवढा सोपा होता. खरं तर औषधाच्या दोघी तरल्या होत्या आणि पाण्याच्या दोघी भाजल्या होत्या. कागदावर मात्र दोन्हीकडे एक तरलेली, एक भाजलेली. म्हणून फायदा नाही. जत, आटपाडी, मंगळवेढा, साऱ्या माणदेशात घरोघरी मिश्री लावणाऱ्या बायका, त्यांना ही पट्टी मिळणार नव्हती.

"ही ओळ तू वाचलीस तेव्हा काय केलंस?"

"ताई, आता बोललो तर चौकशी लागेल, मंजुरी लटकेल. वर्ष जाईल, कदाचित दोन. दर महिन्याला हजारो पेशंट शेक घेतात. त्यांचं काय? मिश्रीवाल्यांसाठी पुढचा अभ्यास होणारच आहे की. चार-पाच वर्षांत होईल दुरुस्त."

पद्मजा उठली. कुपी बदलली ते मायेपोटी, असं तिला वाटू शकलं असतं. ही ओळ वाचून तो गप्प बसला, त्यात माया कुठे होती ते तिला सापडेना. ज्याच्या ताटात तिनं आधी वाढलं आणि मग स्वतःच्या, त्या पोरानं तिला न विचारता दुसऱ्या बाईच्या तोंडचं काढून तिच्या तोंडात घातलं होतं, आणि वर तो तिला गप्प राहायला सांगत होता.

त्यानंतर तिनं लगेच काही केलं नाही. हे लपवण्यात अर्थ नाही. ती रोज उठून आमटी करत राहिली, भाकऱ्या थापत राहिली. संगमेशची नोकरी जाईल, परवाना जाईल, कदाचित तुरुंग. मंजुरी अडकेल. आणि शालनला सांगून तिची मान बरी होणार आहे का? अशी रोज नवी सबब निघे. पण आमटी चाखायला पळी ओठाला लावली की मीठ, चिंच, गूळ, सगळं वेगवेगळं कळायचं आणि घास तोंडातच फिरायचा.

एके दिवशी सकाळी तिनं दारावर 'आज बंद' ची पाटी लावली आणि जतची गाडी धरली.

शालन अंगणात खुर्चीवर बसली होती. मानेला पट्टा, अंग निम्मं झालेलं. मुलगा प्रकाश आणि सून रूपाली दोघंही घरीच होती. रूपालीनं पाणी आणलं, पण चेहऱ्यावर आल्यागेल्याचं अगत्य नव्हतं. शालनच्या खुर्चीजवळचा डबा तिनं सगळ्यांसमोर उघडून हुंगला आणि परत ठेवला.

"काय बघतेस गं?" पद्मजानं विचारलं.

"मिश्री लपवत्यात का बघते," रूपाली म्हणाली. "पत्रात लिवलंय, औषध मिळालं हुतं म्हणून. औषध मिळूनबी गुण न्हाई, म्हंजे लपूनछपून लावलीच असणार. आम्ही मिरजेला खेपा घालून मेलो आन् ह्या तिकडं..." ती पुढचं बोलली नाही. प्रकाश जमिनीकडे बघत होता.

शालननं डोळे मिटले. नाही म्हणून म्हणून ती थकली होती.

पद्मजा पाणी न पिताच उभी राहिली. बसून सांगण्यासारखं ते नव्हतं. तिनं पहिल्या सोमवारपासून सगळं सांगितलं. कुपी, भाऊ, सात वेळा, आपली झोप. मधे थांबली नाही, रडली नाही. "हिनं मिश्रीला बोट लावलं नाही," ती शेवटी म्हणाली. "मी सात आठवडे हिच्या शेजारी बसत होते. हिला पाणी मिळालं. हिच्या वाटणीचं औषध मला मिळालं."

प्रकाश उठून आत गेला. रूपाली तोंडाला पदर लावून उभी राहिली. मग तिनं तो डबा उचलला, कुठे ठेवावा हे तिला सुचेना.

शालन पद्मजाकडे बघत होती. डोळे अजून कंडक्टरचे होते, गर्दीतून विनातिकीट माणूस हुडकणारे.

"तुला ठाऊक हुतं?"

"नाही. देवाशपथ नाही. पत्र आलं तेव्हा संशय आला. मग त्याला जाऊन विचारलं."

"कवा विचारलंस?"

पद्मजाला या प्रश्नाची भीती होती. "एकोणीस दिवस झाले."

शालननं मान फिरवली. पट्ट्यामुळे ती नीट फिरत नव्हती, म्हणून सगळं अंगच वळवलं.

"तुझ्या भावानं केलं ते केलं," ती हळूहळू म्हणाली. "त्यो माझा कोण लागत न्हवता. पर एकोणीस दिस मी ह्या घरात चोर हुते, पद्मजा. आन् तुला म्हाईत हुतं."

पद्मजा पिशवी उचलून निघाली. फाटकापर्यंत कोणी आलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं चाचणीच्या नीतिसमितीला लेखी कळवलं. समितीनं बोलावलं तेव्हा अध्यक्षबाई म्हणाल्या, "सख्खा भाऊ आहे तुमचा. आम्ही तुमच्यावर सक्ती करत नाही."

"सक्तीनं आले नाही मी," पद्मजा म्हणाली आणि बोलायला लागली. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला संगमेश बसला होता. तिचं बोलणं संपेपर्यंत त्यानं मान वर केली नाही. बाहेर जिन्यात त्यानं तिला गाठलं.

"मी तुला जिवंत ठेवलं, ताई," तो म्हणाला.

"मी पाण्यावरही जगले असते, संगू. चव गेली असती, एवढंच."

तो जिना उतरून गेला, आणि त्या दिवसानंतर तिच्याशी कधीच बोलला नाही. त्याचा परवाना गेला. पोलिसांत प्रकरण गेलं, ते अजून चालू आहे. पट्टीची मंजुरी थांबली, पण तो म्हणाला होता तशी दोन वर्षं नाही. प्रत्येक केंद्रातल्या कुप्या पुन्हा तपासायला, आकडे पुन्हा मांडायला आठ महिने लागले. त्या आठ महिन्यांत ज्यांची तोंडं भाजली त्यांचे नातेवाईक पद्मजाच्याच पंगतीला जेवायला येत होते, आणि त्यांना पेज घालताना ती त्यांच्याकडे बघायचं टाळायची. तिनं हे कोणाला सांगितलं नाही. नव्या पुस्तिकेत शेवटच्या पानावरची ती ओळ नव्हती. मिश्री लावणाऱ्या बायकांनाही पट्टी मिळायला लागली.

मधल्या काळात पद्मजानं जतला तीन पत्रं पाठवली. उत्तर आलं नाही. फोन केला तर प्रकाश उचलायचा, नीट बोलायचा, आई झोपलीय म्हणायचा.

नवी पुस्तिका निघाल्यानंतरच्या श्रावणात, एका मंगळवारी सकाळी, त्याचा फोन आला.

"मावशी, आई पहाटे गेली."

पद्मजानं गॅस बंद केला. "मी निघते. कधी उचलणार?"

पलीकडे तो अडखळला. "मावशी, आईनं सांगून ठेवलं हुतं. तुम्हाला कळवायचं म्हणाली. सगळ्यात आधी तुम्हालाच कळवायचं." तो थांबला. "पर येऊ नका म्हणाली."

"बरं," पद्मजा म्हणाली.

फोन ठेवल्यावर ती दाराशी गेली, पायात चपला घातल्या, आणि कितीतरी वेळ उंबऱ्यावर उभी राहिली. पलीकडच्या स्टँडवर साडेनऊची जत गाडी लागली, भरली आणि निघून गेली. मग तिनं चपला काढून ठेवल्या.